झाडावरची मोडी घरी कशी जपावी: खपलीच्या लायकेनसाठी नवख्यांना मार्गदर्शन

आमच्या दापोलीकडच्या वाडीत सुपारीचं एकही खोड नुसत्या सुपारीच्या रंगाचं नाही. कमरेपासून वर पांढरे, राखाडी, फिकट हिरवे चट्टे, गोधडीला ठिगळं लावावीत तसे. आजी म्हणायची, झाडाला कोड फुटलंय. काकांना ती बुरशी वाटायची आणि मे महिन्यात गडी रिकामा दिसला की ते काथ्याच्या बोळ्याने खोडं घासून घ्यायचे. मी पुण्यात एका घड्याळजीकडून दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं आणि पुढच्या सुट्टीत खोडाला नाक लावून बघितलं, तर त्या पांढऱ्यावर बारीक काळ्या रेघा होत्या. वळलेल्या, फाटे फुटलेल्या, काही एकमेकींना टेकलेल्या. बोरूने भरभर लिहिलेला मोडीचा कागदच कुणी सालीवर डकवला असावा.

ते ग्राफिस नावाचं लायकेन. नावही ‘लिहिणं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. लायकेनला मराठीत शैवाक म्हणतात, पण तो शब्द पुस्तकाबाहेर फारसा भेटत नाही, म्हणून मी इथे लायकेनच म्हणतो. हे एक झाड नसून दोघांचा संसार आहे: एक बुरशी आणि तिच्या पोटात राहून उन्हावर अन्न शिजवणारं शैवाल. श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात हे मांडलं, तेव्हा लायकेनच्या जुन्या जाणकारांनी त्याची टिंगल केली होती.

गोडा मसाल्यात घालतो ते दगडफूलही लायकेनच, पण पानासारखं. ते सालीवरून उचकटून निघतं. ग्राफिसचं तसं नाही, ते सालीला खपलीसारखं धरलेलं. त्याला खालची कातडीच नसते. बुरशीचे धागे थेट सालीच्या मेलेल्या थरात शिरलेले असतात. म्हणून नवख्या माणसाने पहिल्या दिवशीच एक गोष्ट डोक्यात पक्की करावी: खपलीचं लायकेन काढून दुसरीकडे लावता येत नाही. ते ज्यावर बसलंय ती वस्तूच घरी आणावी लागते. माझं पहिलं वर्ष हे न कळल्यामुळे वाया गेलं. सुरीने खरवडलं, डबीत भरलं, पुण्याला आणून फेविकॉलने दगडावर चिकटवलं. पंधरा दिवसांत त्याची राखाडी भुकटी झाली आणि पंख्याच्या वाऱ्याने उडालीसुद्धा.

## १. आधी ते लायकेनच आहे याची खात्री करा

खोडावरचा प्रत्येक पांढरा डाग लायकेन नसतो. जुन्या चुन्याचे शिंतोडे असतात, खवले कीड असते, कधी नुसती पक्ष्याची शीटही असते. तीन साध्या परीक्षा पुरतात.

पहिली पाण्याची. डागावर दोन थेंब टाका आणि अर्धा मिनिट थांबा. लायकेन असेल तर पांढऱ्यातून हिरवट झाक वर येते, कारण ओली झालेली वरची कातडी पारदर्शक होते आणि आतलं शैवाल दिसू लागतं. चुना पाण्याने हिरवा होत नाही.

दुसरी नखाची, आणि ही मला सगळ्यात आवडते. डागाच्या एका कोपऱ्यावर, तांदळाच्या कणीएवढ्याच जागेत, नख हळूच ओढा. ग्राफिसच्या आत ट्रेंटेपोलिया नावाचं शैवाल असतं. ते हिरव्या गटातलं, पण त्यात केशरी रंगद्रव्य भरलेलं. त्यामुळे नखाखाली हळदीच्या बोटासारखी पिवळी-केशरी रेघ उमटते. कोकणात पावसाळ्यानंतर भिंतींवर आणि खोडांवर जो मखमली केशरी थर दिसतो, तो याच शैवालाचा मोकळा, एकट्याने राहणारा अवतार. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटच्या पायरीत लागेल. आणि नखाची परीक्षा एकदाच करा. मी कौतुकाने आल्या-गेल्याला दाखवत सुटलो आणि एका सुंदर चट्ट्याची चाळण केली.

तिसरी परीक्षा भिंगाची. काळ्या रेघा म्हणजे ग्राफिसची फळं. रेघेच्या मधोमध एक फट असते आणि तिच्यातून बीजाणू बाहेर पडतात. दोन चट्टे जिथे भिडतात तिथे बऱ्याचदा काळी बारीक सीमा दिसते, गावच्या नकाशात दोन गटांमध्ये बांध दाखवतात तशी. प्रत्येक गटात वेगळा मालक, वेगळी रेघ.

नेमकी प्रजाती कोणती, या फंदात सुरुवातीला पडू नका. त्यासाठी बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात आणि आतली आम्लं तपासावी लागतात. या कुळावर आपल्याकडे भरपूर काम झालंय. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, ऊर्मिला मखीजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या कितीतरी प्रजातींचं वर्णन केलं. आपण वहीत ‘ग्राफिस, सुपारी, विहिरीकडची बाजू’ एवढं लिहावं.

## २. कुठून आणायचं, कुठून नाही

स्वतःच्या किंवा ओळखीच्यांच्या वाडीतून, तेही छाटलेल्या किंवा पडलेल्या फांदीवरून. जिवंत खोडाची साल काढू नका. लायकेन झाडाचं काहीच घेत नाही, ते फक्त बसलेलं असतं. साल सोलल्याने मात्र झाडाला खरोखर जखम होते.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. राखीव जंगलातल्या पडक्या फांदीलाही वनखात्याची परवानगी लागते. ‘एवढीशी तर काटकी आहे’ हा युक्तिवाद नाक्यावर चालत नाही. कास पठारावरून दगड आणण्याचा विचारही नको. शहरात सोसायटीचं झाड छाटायचं असेल तर १९७५च्या झाडांचे जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी. छाटणी होणार असेल तेव्हा माळीबुवांना आधी सांगून ठेवा आणि फांद्या ट्रकमध्ये जाण्याआधी हजर राहा.

जवळ ठेवायची कागदपत्रं थोडीच:

- दुसऱ्याच्या वाडीतून आणत असाल तर मालकाची दोन ओळींची चिठ्ठी, तारखेसह
- शहरातल्या छाटणीच्या परवानगीची प्रत
- फांदी झाडावर असतानाचा फोटो, दिशा कळेल असा

परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायची हौस आली तर ती आवरा. विमानतळावर साल म्हणजे वनस्पतीच, आणि तिथे ती जप्त होते.

## ३. कशावरचं निवडाल

आंब्याची मनगटाएवढी जाड फांदी नवख्यासाठी सर्वांत बरी. साल बऱ्यापैकी गुळगुळीत, लाकूड टिकाऊ, आणि कलमांची छाटणी होतच असते, त्यामुळे मागायला संकोच नको. फणसाची फांदीही चांगली. सुपारीचं खोड दिसायला सर्वांत देखणं, पण तुकडा कापला की आतला गाभा लवकर कुजतो. पेरूच्या सालीचे पापुद्रे सारखे सुटतात, अर्जुनाचंही तेच, त्यामुळे तिथे लायकेनला बस्तान मांडायला वेळच मिळत नाही.

ग्राफिसचा हट्ट नसेल तर आणखी सोपी वाट आहे: जुनं मंगलोरी कौल किंवा गडग्यातला जांभ्याचा चिरा. यांच्यावर वेगळी खपलीची लायकेनं असतात, रेघांऐवजी ठिपक्यांची किंवा टिकल्यांची. कौल कुजत नाही, वाळवी खात नाही, हलवायला सोपं. कुणाचं घर उतरवून स्लॅब पडत असेल तर दोन-चार जुनी कौलं मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

फांदी निवडताना चट्टा किमान रुपयाच्या नाण्याएवढा हवा, त्याच्या चारही बाजूंनी दोन बोटं मोकळी साल हवी (वाढ दिसायला जागा लागते), आणि साल टिचकी मारल्यावर पोकळ वाजायला नको. पोकळ वाजली म्हणजे ती लाकडापासून सुटलेली आहे. वर्षभरात गळून पडेल, लायकेनसकट.

## ४. साहित्य

- दहापटीचं भिंग
- बारीक दातांची करवत
- मेण, साधी पांढरी मेणबत्ती चालते
- काथ्याची किंवा नायलॉनची दोरी
- बारीक फवाऱ्याची बाटली, नवी घ्या. कीटकनाशकाची धुऊन वापरू नका
- पावसाचं पाणी साठवायला झाकणाचा प्लॅस्टिकचा कॅन
- पारदर्शक प्लॅस्टिक शीट आणि बारीक टोकाचं पक्क्या शाईचं पेन
- मऊ रंगाचा ब्रश, धूळ झटकायला
- पेन्सिल आणि वही

यादीत तार नाही, हे मुद्दाम. तांब्याची तार आणि जस्त चढवलेली लोखंडी तार दोन्ही टाळा. पावसात त्यांच्यावरून ओघळणारं पाणी लायकेनला विष आहे. गावाकडे जस्ताच्या पत्र्याखालची भिंत बघा: जिथे पागोळ्या पडतात तेवढा पट्टा स्वच्छ आणि बाजूला शेवाळ-लायकेन माजलेलं. मी पहिली चौकट तारेने बांधली होती आणि तारेखालचा एक चट्टा सरळ रेषेत फिकट पडत गेला. कारण शोधण्यात एक पावसाळा गेला.

## ५. कापणं, आणणं, टांगणं

फांदी कापण्याआधी पेन्सिलने दोन खुणा करा: वर कुठलं टोक होतं आणि उजेडाकडे कुठली बाजू होती. घरी टांगताना तीच दिशा ठेवायची. ज्या बाजूला चट्टा वर्षानुवर्षं सावलीत वाढला, ती अचानक पश्चिमेच्या उन्हात आणली तर तो टिकत नाही.

तुकडा हातभर लांब घ्या. चट्ट्याला बोट लावू नका. दोन्ही कापलेली तोंडं पंधरा दिवस सावलीत सुकू द्या आणि मग वितळलेलं मेण फासा. याने लाकूड तडकायचं कमी होतं आणि भुंग्याला आत शिरायला सोपी वाट राहत नाही. छाटणीनंतर आंब्याला लावतात ते बोर्डो मलम इथे अजिबात नको. त्यात मोरचूद असतो, म्हणजे तांबं.

गाडीतून आणताना फांदी कोरडी असावी आणि वर्तमानपत्रात गुंडाळावी. ओली फांदी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवली तर पुण्यापर्यंत पोचतं ते उकडलेलं लायकेन. कारण असं: वाळलेलं लायकेन झोपलेलं असतं आणि त्या अवस्थेत कडक तापही सोसतं. ओलं झालं की ते जागं असतं, आणि जागेपणी तोच ताप त्याला मारतो.

टांगायला जागा उजेडाची हवी, पण थेट दुपारच्या उन्हाची नको. पूर्वेची गॅलरी उत्तम, उत्तरेची चालते. फांदी उभी किंवा तिरकी टांगा, आडवी नको. आडव्या फांदीवर पाणी साचतं आणि खाली मातीशी संबंध आला तर वाळवी लागते. वारा खेळता हवा.

आणि कृपा करून काचेच्या बरणीत घालू नका. दिसायला फार सुंदर दिसतं, फोटोला छान येतं. माझ्या बरणीत नवव्या दिवशी कापसासारखी बुरशी आली. लायकेनला ओलं होणं जितकं लागतं तितकंच वाळणंही लागतं. कायम दमट बरणीत त्याला वाळताच येत नाही.

गॅलरी हमरस्त्यावर असेल तर आधी मनाची तयारी करा. लायकेनला मुळं नाहीत, ते सगळं हवेतून आणि पावसातूनच घेतं, त्यामुळे हवेतली घाणही थेट आत जाते. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत कुठल्या झाडांवर लायकेन टिकलंय हे बघून न्यूलँडर या लायकेनच्या अभ्यासकाने १८६६ मध्येच शहराच्या हवेबद्दल लिहून ठेवलं होतं. धूर त्याला बाधतोच, रस्त्याची धूळही बसून उजेड अडवते. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने हलकेच झटका.

## ६. पाणी: इथेच सगळे चुकतात

कोकणात टांगली असेल तर ही पायरी सोडून द्या, पाऊस आणि दव सगळं बघून घेतात. पुण्यात, नाशकात, नागपुरात मात्र ऑक्टोबर ते मे हा तुमचा प्रश्न आहे.

पाणी सकाळी द्या, उजाडताना. संध्याकाळी नको. ओलं झालं की लायकेन काम सुरू करतं. सकाळी ओलं झालं तर त्याला कोवळा उजेड मिळतो, शैवाल अन्न बनवतं, नऊ-दहापर्यंत वाळून ते पुन्हा झोपी जातं. संध्याकाळी ओलं केलं तर रात्रभर उजेड नाही. नुसता श्वास चालू, म्हणजे साठवलेलं अन्न जाळणं. एप्रिलमधल्या उकाड्याच्या रात्री ते आणखी वेगाने जळतं. मी दोन महिने ऑफिसातून आल्यावर प्रेमाने फवारत होतो. रोज थोडं थोडं उपाशी मारत होतो म्हणायचं.

फवारा धुक्यासारखा बारीक हवा, चट्टा हिरवट झाला की थांबायचं, ओघळ येईपर्यंत नाही. हिवाळ्यात आठवड्यातून तीनदा, मार्च ते मे एक दिवसाआड. आठ दिवस गावाला गेलात आणि पाणी चुकलं तर काही बिघडत नाही. विसरभोळ्या माणसाच्या हातून लायकेन मरत नाही, काळजीवाहू माणसाच्या हातून मरतं.

कुठलं पाणी? पावसाचं सर्वांत उत्तम. जूनचे पहिले दोन-तीन पाऊस सोडा, छपरावरची घाण धुऊन निघू दे, मग कॅन भरा. नळाचं पाणी वापरायचंच झालं तर उघड्या बादलीत रात्रभर ठेवा, क्लोरीन बरंच उडून जातं. बोअरवेलचं नको, क्षार बसून पांढरा थर येतो आणि तुम्हाला वाटतं लायकेन वाढलं! पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकलं जातं त्यात तर क्षार आणखी घट्ट. एसीचं पाणी शुद्ध असतं म्हणून बरेच जण सुचवतात. ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या नळ्यांवरून येतं, मी वापरत नाही.

## ७. खाऊ घालू नका

ताक फासा, दही लावा, शेणकाला ओता, तांदळाची पेज शिंपडा: दगड जुनाट दिसावा म्हणून हे उपाय जगभर सांगितले जातात. मी जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर ताक लावून पाहिलं. आठवड्यात मुंग्या, तिसऱ्या आठवड्यात हिरवा बुळबुळीत थर, नंतर आई म्हणाली हे आधी बाहेर काढ. चिऱ्यावर आलं ते साधं शेवाळ.

कारण सरळ आहे. लायकेनची वाढ मुळातच अतिशय हळू. खाद्य मिळालं की पटकन वाढणारं शैवाल आणि बुरशी आधी धावतात आणि लायकेन त्यांच्याखाली गाडलं जातं. कबुतरं-कावळे बसतात अशा कठड्यावर काही पिवळी-नारिंगी लायकेनं खुशाल वाढतात, त्यांना नत्र मानवतं. ग्राफिस त्यातलं नाही. गुलाबाला खत फवारताना फांदी बाजूला हलवा.

## ८. वाढ मोजा

रोज बघाल तर काहीच घडत नाही असं वाटेल आणि कंटाळा येईल. म्हणून मोजणी हवी. पारदर्शक शीट चट्ट्यावर अलगद धरा, कड आखा, कोपऱ्यात तारीख घाला. दर सहा महिन्यांनी, शक्यतो ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये, नवी शीट. मागची आणि पुढची एकावर एक ठेवली की फरक दिसतो. फोटो काढाल तर शेजारी मोजपट्टी ठेवा आणि चट्टा कोरडा असतानाच काढा. ओला झाल्यावर कडेचा रंग बदलतो आणि तुलना फसते.

किती वाढ अपेक्षित धरावी? माझ्या आंब्याच्या फांदीवरचा एक चट्टा दोन पावसाळ्यांत एका बाजूने दीड मिलिमीटर सरकला, दुसऱ्या बाजूने जवळजवळ जागचा हलला नाही. थंड प्रदेशातली तर याहून मंद. डोंगरातल्या दगडांवर ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकम नावाचं पिवळट-हिरवं, नकाशासारखं लायकेन असतं, ते बऱ्याच ठिकाणी वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही. त्याचा हा संथपणा इतका भरवशाचा, की रोलंड बेशेल या शास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास आल्प्समध्ये त्याचा व्यास मोजून हिमनदी मागे सरकून किती वर्षं झाली हे काढायची पद्धत बसवली. तुमच्या सुपारीवरचा तळहाताएवढा चट्टा काकांच्या लग्नाच्या वेळीही तिथे असेल.

## ९. शत्रू

गोगलगाय पहिली. रात्री येते आणि चट्टा खरवडून खाते. सकाळी नागमोडी पांढरट वाट दिसते. मीठ टाकू नका, हाताने उचलून बाहेर सोडा. काही पतंगांच्या अळ्याही लायकेनवरच जगतात. माझ्या फांदीवर एकदा एक काटकुळी पिशवी सरकताना दिसली. भिंगाखाली पाहिलं तर अळीने ग्राफिसचेच कण अंगावरच्या पिशवीला चिकटवले होते, काळ्या रेघांसकट. तिला मारवलं नाही. पाच दिवसांत तिने नखाएवढी जागा साफ केली.

माणसं मात्र गोगलगायीपेक्षा घातक. मच्छरांची धूरफवारणी, गॅलरी धुताना उडणारं ॲसिड, रंगाऱ्यांचा चुना. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढतात, तेव्हा त्या पट्ट्याखालचं लायकेन संपतं. घरी बाई कामाला येत असतील तर त्यांना ती फांदी काय आहे हे नीट समजावून सांगा. आमच्याकडे मावशींनी एकदा डाग समजून ती घासण्याच्या बेतात हातात घेतली होती. आता मावशीच पाहुण्यांना नखाची केशरी रेघ दाखवू का विचारतात.

वाडीत सुपारीच्या फळगळीसाठी पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण मारतात. ते थांबवा असं मी म्हणणार नाही, पीक महत्त्वाचं. काकांशी एवढंच ठरलंय की विहिरीकडची चार खोडं फवारायची नाहीत आणि काथ्याने घासायचीही नाहीत.

## १०. नवीन जागी उगवून आणायचं असेल तर

हे जवळपास जुगारासारखं आहे, हे समजूनच हात घाला. ग्राफिसच्या बहुतेक प्रजाती बीजाणूंवर पसरतात, आणि बीजाणूत फक्त बुरशी असते. तो नव्या सालीवर पडून रुजला तरी जवळ त्याचं शैवाल भेटलं पाहिजे, नाही तर संसार जमत नाही. प्रयोगशाळेत रेघा असलेला तुकडा भिजवून बशीच्या झाकणाला व्हॅसलीनने चिकटवतात आणि समोरच्या अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीवर, बीजाणू उडवून घेतात. तिथे बुरशी वाढतेही, पण ती एकटीच असते आणि अशी चांगली खपली धरत नाही.

म्हणून हा प्रयोग पुण्याच्या फ्लॅटमध्ये न करता जिथे ते केशरी शैवाल हवेतच आहे तिथे करा, म्हणजे कोकणात. आंब्याच्या स्वच्छ, गुळगुळीत सालीच्या काटक्या घ्या, उकळू नका, नुसत्या धुवा. मे महिन्याच्या शेवटी त्या चट्टे असलेल्या जिवंत खोडाला काथ्याने अशा बांधा की चट्ट्यातल्या रेघांच्या खाली अंगठाभर अंतरावर त्यांची साल येईल आणि ओघळणारं पाणी त्यांच्यावरून जाईल. दोरी घट्ट आवळू नका. प्रत्येक काटकीला पेन्सिलने क्रमांक घाला; पेनाची शाई पहिल्याच पावसात जाते.

ज्या खपलीच्या लायकेनांवर पिठासारखी पूड असते त्यांच्या बाबतीत काम सोपं, कारण त्या पुडीच्या कणात बुरशी आणि शैवाल दोन्ही एकत्र बांधलेले असतात. ओल्या ब्रशने पूड उचलायची आणि खडबडीत कौलावर टेकवायची. माझ्या तीन कौलांपैकी एकावर ती धरली.

ग्राफिसच्या मी पाच काटक्या बांधल्या होत्या. एक वाऱ्याने गेली, दोन वाळवीने. चौथीवर केशरी शैवाल आलं आणि तेवढ्यावरच थांबलं. पाचवीवर दुसऱ्या पावसाळ्यानंतर मसुराएवढा फिकट डाग आहे, पाणी टाकलं की हिरवट होतो. रेघ अजून एकही उमटलेली नाही. ती काटकी तिथेच, विहिरीकडच्या तिसऱ्या सुपारीला बांधलेली आहे. दोरी मात्र यंदा बदलावी लागेल, काथ्या कुजत आलाय.